फोडणीचे ठोके

आमच्या घरी दाळ अब्बा करायचे. आता हे उघड लिहायला हरकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती सगळी माणसं वर गेली, आणि आज ज्यांना सांगते त्यांना यात लपवण्यासारखं काय होतं तेच कळत नाही. माझा नातू रोज सकाळी गॅसवर पोहे परततो आणि त्याची बायको आंघोळीला जाता जाता ओरडते, "मीठ बघून टाक रे!" मी आपली बाजेवर बसून चहात पाव बुडवत असते. पण ते 'मीठ' कानावर पडलं की अजून माझा पाव चहातच विरघळतो. का, ते सांगायला हे प्रकरण लिहिते आहे.

वडनेर भोलजीत आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत अब्बांचा माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात अब्बांचे पाय, पायाखाली पावड्या, आणि वर अब्बा कमरेपासूनच उगवल्यासारखे दिसायचे. मधल्या खोलीत अंथरुणं, धान्याची कोठी आणि माझा सूत भरायचा रहाट. मागच्या खोलीत चूल. माग चालू असला की घराला एक चाल असायची. पावडी दाबली की 'खट', धोटा धावला की 'सर्र', फणी आपटली की 'ठक'. खट, सर्र, ठक. मी त्या तालावर भांडी घासायची, त्या तालावर पाढे म्हणायची. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले ते त्याच तालावर. म्हणून तर हे मराठीत लिहिते आहे. अब्बांची लिपी मला कधी नीट आलीच नाही.

अब्बा इकडचे नव्हते. गंगेपलीकडच्या विणकरांच्या एका गावातले. तिकडे मागांना काम उरलं नाही, तेव्हा कुणीतरी सांगितलं की वऱ्हाडात कापूस रस्त्यावर सांडलेला असतो. एक गाठोडं आणि एक फणी घेऊन निघाले ते नांदुऱ्याला गाडीतून उतरले. माझ्या आजोबांनी त्यांना मागासाठी जागा दिली आणि दोन वर्षांनी मुलगी दिली. अब्बांनी घरी विचारलं नाही. लग्न झाल्यावर कळवलं. तिकडून उत्तर आलं की तुझ्या आईनं तीन दिवस अन्न घेतलं नाही.

आणि मुलगी तरी कशी? माझी माय, चांदबी. सात पिढ्या वऱ्हाडातल्या. नऊवारी लुगडं, कपाळाला पदर, पायात काही नाही, आणि बोलणं असं की दोन वावरं ओलांडून ऐकू यावं. अब्बांच्या घराण्यात बाईनं कसं राहायचं ते ठरलेलं होतं. दाराला पडदा, पडद्याआड रहाट, रहाटावर धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, आणि उरलेल्या वेळात चूल. मायनं पहिल्या चार दिवसांत चार कांड्या भरल्या. चारी गुंतल्या. पाचव्या दिवशी तिनं रहाट भिंतीला लावून ठेवला आणि म्हणाली, "हे गोल गोल फिरवून माह्यं डोस्कंच फिरून राह्यलं. मी कपूस येचाले चालली. तुमचं तुम्ही पाहा." ती गेली ती गेलीच. कापसाच्या हंगामात गावातल्या वीस-बावीस बाया तिच्या मागे चालत. पाटलांच्या वावरात पहिला हात तिचा. अंधार असताना कमरेला पांढऱ्या धडोत्याची, जुन्या फडक्याची, कापूस टाकायची ओटी बांधून निघायची, ती दिवेलागणीला डोक्यात कापसाचे तंतू घेऊन परत यायची. मग दुपारची चूल कोण पेटवणार? अब्बा घरीच होते. दाळ त्यांना येत होती, रोटी त्यांना येत होती. मायला भाकर येत होती, ठेचा येत होता, बेसन येत होतं. गव्हाची रोटी तिनं केली की ती ढालीसारखी व्हायची. तेव्हा पहाटेची भाकर मायची आणि दुपारची दाळ-रोटी अब्बांची, अशी वाटणी आपोआप पडली. कुणी ठरवली नाही. मायची जोडीदारीण सरूबाई रोज संध्याकाळी दारावरून जाताना ओरडायची, "हबीबमिया, आज फोडणी करपली का बरी झाली?" आणि अब्बा खड्ड्यातून हसायचे.

गावात हसता येत होतं. तिकडे कसं हसणार? दर दोन-तीन महिन्यांनी अब्बा पत्र लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे. त्यांच्या आवाजाला तेव्हा एक वेगळीच नक्षी चढायची. तुमची सून पडद्यात असते. कांड्या सुबक भरते. तुमच्या हातची लसणाच्या फोडणीची उडदाची दाळ मी तिला शिकवली, अगदी तशीच करते. मी विचारलं, "अब्बा, असं कशाला लिहिता?" तर म्हणाले, "बेटा, अम्मा खूश होती है." पंधरा वर्षं अम्मा खूश होत होती.

मग एक दिवस पत्र आलं की अम्मा येते आहे.

नुसती येत नव्हती, मला बघायला येत होती. मी चौदा वर्षांची होते आणि बडे अब्बांचा, म्हणजे अब्बांच्या मोठ्या भावाचा मुलगा सतरा वर्षांचा. गावाकडचं एक जोडपं नागपूरला निघालं होतं. ते अम्माला, म्हणजे माझ्या दादीला, नांदुऱ्याला उतरवून पुढे जाणार आणि आठ दिवसांनी परत येताना घेऊन जाणार. घर पसंत पडलं, मुलगी आपल्या वळणावर वाढलेली दिसली, तर दादी मला सोबतच नेणार होती. अब्बांनी ते पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे भरले. घरातून न विचारता निघालेल्या मुलाची मुलगी त्याच घरात सून म्हणून परत जाणार. मला तेव्हा एवढं कळलं नाही. मला फक्त कळलं की मला रेल्वेत बसायला मिळणार.

आणि ती चौदा वर्षांची जैबुन, काय सांगू! आज समोर आली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालेन. पत्र आलं त्या दिवसापासून तिनं ओढणी अशी घ्यायला सुरुवात केली की विहिरीवर दोनदा ठेचकाळली. 'मी'चं 'हम' झालं. "हम पानी लाते हैं" म्हणत कळशी घेऊन निघायची आणि सरूबाई मागून विचारायची, "कितीजणी गेल्या वं पाण्याले?" मायला तिनं 'अम्मी' म्हणायला सुरुवात केली. मायनं पहिल्या खेपेला मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते बघायला. त्या दिवशी जात्यावर बसून मायनं मला एकच विचारलं, "तुले जायाचं आहे काय तिकडं?" मी म्हटलं, "हाव." जात्याचा वेग वाढला.

आता तयारी. पहिली गोष्ट, आठ दिवस माय वावरात जाणार नाही. नेमकी तेव्हाच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटत होती, पण अब्बांनी हात जोडले आणि माय गप्प बसली. वेचणीच्या टोळीला सांगितलं, चांदबीला ताप आहे. ओटीचं धडोतं कोठीमागे दडवलं. दुसरी गोष्ट, चूल. रोटी सराव करून निदान चपटी व्हायला लागली होती, पण दाळ? पत्रातली ती दाळ? किती वेळ शिजवायची, मीठ कधी, लसूण कितपत लाल, हे मायला सांगून जमेना. ती म्हणायची, "दाळ शिजली का नाई ते दाळीले इचारा." शेवटी अब्बांनीच युक्ती काढली. त्यांचं नाक असं होतं की मागावर बसूनही चुलीवरचं सगळं त्यांना कळायचं. तेव्हा धोटा न फेकता नुसती फणी दोनदा आपटली, ठक-ठक, की मीठ. तीनदा आपटली की फोडणी. आणि माग एकदम गप्प झाला की उतरव. मायला या खाणाखुणा लक्षात ठेवायला वेळ नव्हता, तेव्हा ऐकायचं काम माझ्याकडे. मी रहाट चुलीपाशी नेऊन कांड्या भरत बसायचं आणि मायला डोळ्यांनी सांगायचं. मला वाटलं, वा! काय पण डोकं चालवलं अब्बांनी. विणकराच्या घरात जन्मलेल्या, विणकराच्या घरात दिलेल्या, विणकरांचीच आई झालेल्या बाईला मागाच्या आवाजात फसवायला निघालो होतो आम्ही.

दादी आली ती दमणीतून, चारी बाजूंनी चादर लावलेल्या बैलगाडीतून. उतरली तर एवढीशी. मायनं तिला उचलूनच ओट्यावर घेतली असती. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता, माणूस तिला सावलीसारखा दिसायचा. अब्बांनी पाय धरले, तेव्हा तिनं त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कानामागेसुद्धा, आणि मग त्यांच्या गालावर एक चापट मारली. जोराची. मग रडली. दादीचं बोलणं तिकडचं होतं, मी इथे तिला मराठीत बोलायला लावते आहे. वरून रागवत असेल तर रागवू दे.

तिची बाज मधल्या खोलीत घातली. पुढे माग, मागे चूल, मध्ये दादी. पहिल्या दुपारी मी रहाटाशी बसले आणि सूत तीनदा तुटलं. खट, सर्र, ठक. खट, सर्र, ठक. मध्येच ठक-ठक. मी मायकडे डोळे फाडले. मायनं मीठ टाकलं. मग ठक-ठक-ठक. लसूण तुपात पडला, चर्र झालं, वास सुटला. मग माग गप्प. दाळ उतरली. पानं वाढली. दादीनं पहिला घास घेतला आणि चावत राहिली. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे बघत होतो. घास गिळून ती म्हणाली, "दाळ ठीक आहे." अब्बांच्या तोंडावर जे पसरलं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी दादीनं मला जवळ बसवून तिकडचं घर सांगितलं. अंगणात विहीर आहे, म्हणजे पाण्याला बाहेर जावं लागत नाही. सात सुना-लेकी एका ओसरीत कांड्या भरतात. भाजीवाला दारात येतो आणि टोपली आत सरकवतो. "लग्न होऊन मी त्या घरात आले," दादी मान ताठ करून म्हणाली, "तेव्हापासून तीनदा उंबऱ्याबाहेर पडले. एकदा आई गेली तेव्हा. एकदा घर जळालं तेव्हा. आणि आता, तुझ्यासाठी." तिनं हे असं सांगितलं जसं कुणी अंगावरचे दागिने दाखवावेत. मी मान हलवत होते. आणि मान हलवता हलवता मनात मोजत होते. तीनदा. मी तर त्या दिवशी सकाळपासून पाचदा विहिरीवर जाऊन आले होते, त्यातल्या दोनदा नुसतंच सरूबाईची बकरी व्याली का ते बघायला.

झोपायच्या आधी मी कोठीमागे हात घालून मायच्या ओटीचं धडोतं चाचपून बघितलं. ते तिथेच होतं. का बघितलं, विचारू नका.

आमचा डाव जिंकला तर मी त्या ओसरीत जाणार. आणि हरला तर? ते मला सरूबाईनं विहिरीवर सांगितलं, चेष्टेत की खरं ते तिलाच ठाऊक. "सासूले पटलं नाई न, त ती तिकडची एक आणून बसवन तुह्या बापाच्या मांडीले मांडी लावून. मंग तुही माय कुठं जाईन वं?" माझ्या हातून दोर सुटला. बादली विहिरीत. जिंकलो तर मी, हरलो तर माय. अब्बांना सांगावं तर ते खड्ड्यात बसून गुणगुणत होते, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. मायला सांगावं तर मीच 'हाव' म्हणून बसले होते. आणि रोज दुपारी मीच डोळे मोठे करून मीठ टाकायला लावत होते. म्हणजे माझी गाडी मीच जोडत होते.

मायचं तर बघवत नव्हतं. दारातून वाऱ्याबरोबर कापसाचा एखादा पुंजका आत यायचा आणि मायची मान त्याच्यामागे फिरायची. रहाट चालवायची तर कांडी गुंतायची, ती मी दादीला कळू न देता सोडवायची. बोटं स्वस्थ नव्हती तिची. मांडीवरच्या लुगड्यातून ती काहीतरी वेचत राहायची, काही नसताना.

पाचव्या दिवशी सकाळी सरूबाई सरळ दारात. अब्बा मागावर, दादी मधल्या खोलीत, आणि हिचा आवाज तर नांदुऱ्यापर्यंत. "चांदबे! ओ चांदबे! आंगात ताप आहे का सासूचं भेव आहे वं?"

अब्बा घाईनं म्हणाले, "सरूबाई, हळू. ताप आहे तिला."

"पाच दिवस? ताप नोहे तो, पाव्हणा झाला! सांगून द्या तिले, उद्या सीतादही आहे. पाटलीनबाई म्हणते, चांदबीनं पहिली ओटी भरल्याबिगर मी येचणीले हात लावू देत नाई. बाया बसून राह्यल्या. अभाळ भरून राह्यलं. पाणी आलं त कपूस मातीत जाईन, मंग पाटलीनबाईच्या तोंडाले मी लागू का तुम्ही लागता?"

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीच्या दिवशी वावराच्या कडेला धुऱ्यावर दही-भात शिंपडायचा रिवाज. शिंपडणार पाटलीणबाई आणि त्यानंतर झाडाला पहिला हात लावणार माझी माय, हे मला आठवतं तेव्हापासून ठरलेलं. सरूबाई गेली. मधल्या खोलीतून दादीनं शांतपणे विचारलं, "हबीब, कुणाला ताप आहे?" अब्बा म्हणाले, "शेजारणीला, अम्मा." दादी म्हणाली, "बरं."

आणि मग दुपार. माय चुलीपाशी, तोंड असं की चूल न पेटवता पेटावी. मी रहाटाशी. दाळ शिजत आली. ठक-ठक. मीठ. मग ठक-ठक-ठक. मायनं तूप तापवलं, लसूण टाकला. लसूण पांढरा, मग पिवळा, मग लाल. आणि माग गप्प झाला. उतरव. मायनं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. अजून नाही.

मी हे ठरवून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. नातसुनेला मी तसंच सांगते, पदर खोचून, मोठ्या शूरपणे. खरं म्हणजे माझ्या मानेनं केलं. मी आत कुठेतरी रडत होते आणि मान हलत होती. माय थांबली. लसूण तपकिरी झाला. पलीकडे अब्बांना वास लागला. तिकडून घाईघाईनं ठक-ठक-ठक, मग गप्प, मग पुन्हा ठक, खट, ठक, सगळं एकात एक, बिचारे खुणा करता करता स्वतःच चुकायला लागले. मी पुन्हा मान हलवली. लसूण काळा झाला, धूर झाला, घरभर ठसका. आणि मागावर काहीतरी 'तट' करून तुटलं. ताण्याचे दोरे.

धुरात सगळे खोकत असताना दादीचा आवाज आला. खोकला नाही, राग नाही. "हबीब. पहिल्या दिवसापासून ऐकते आहे. धोटा जात नाही आणि फणी दोनदा पडते. मग तीनदा पडते. मग माग उभा राहतो आणि मागे भांडं उतरतं. तुझ्या बापाच्या मागाशेजारी मी नऊ मुलं जन्माला घातली. माग कधी रागावतो, कधी दमतो, ते मला कळतं. तुझा माग खोटं बोलतो."

अब्बा खड्ड्यातून उठले, दारात आले आणि तिथेच थांबले. हातात तुटलेला दोरा. मला वाटलं, झालं. आता मायचं गाठोडं.

"सुनेला बोलाव," दादी म्हणाली.

माय गेली. बाजेपुढे खाली बसली. दादीनं तिचा हात ओढून घेतला आणि अंगठा बोटांच्या टोकांवरून, नखांच्या कडांवरून फिरवला. तिथे मायला बारीक बारीक ओरखडे असायचे, वर्षभर न भरणारे, एकावर एक. दादी तिथे थांबली. "हे सुईचं नाही. सुताचंही नाही. कसलं आहे?"

अब्बा काहीतरी बोलणार होते. मायनं त्यांना बोलू दिलं नाही. "पऱ्हाटीचं आहे माय," ती म्हणाली. सासूला 'माय' म्हणाली. "कपसाचं बोंड वाळलं का त्याले चार टोकं येते. येचाले गेलं का टोचते. मी पडद्यात राहत नाई. कांडी मले येत नाई. दाळ तुमचा पोरगा करते. मी येचाले जातो, बावीस बाया माह्यामागं येते. उद्याही जाईन. तुम्हाले जे करायचं ते करा."

हे सगळं वऱ्हाडीत. दादीला अर्धं कळलं असेल. ती हात सोडेना. मग तिनं जे विचारलं त्याची आम्हा तिघांपैकी कुणालाच कल्पना नव्हती.

"कपास का पेड़ कितना ऊँचा होता है?"

मायनं अब्बांकडे बघितलं. अब्बांनी माझ्याकडे. माय म्हणाली, "पेड? कुठचं पेड वं माय. कमरेएवढं झुडूप." आणि तिनं दादीचा हात धरून स्वतःच्या कमरेला लावला. दादी तिथे हात ठेवून बसली. म्हणाली, "मला वाटायचं आंब्याएवढं असेल. बायका शिडी लावून काढत असतील." मग हसायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. "सारी उमर सूत भरलं. कुणाला विचारलं नाही. कुणाला विचारणार? आमच्याकडे सूत दारात येतं, गठ्ठा बांधून."

दुसऱ्या दिवशी माय वेचणीला गेली. ओटी मी काढून दिली, कोठीमागून. संध्याकाळी तिनं ओटीतून एक फांदी आणली, चार फुटलेली बोंडं आणि दोन मिटलेली. ती पाटलीणबाईला विचारून आणली होती, हे तिनं दोनदा सांगितलं. दादी ती फांदी मांडीवर घेऊन बसली. कापूस चिमटीत धरून ओढला, पिळला, त्याचा दोरा झाला तसा पुन्हा ओढला. बोंडाचं टोक बोटात घुसलं तेव्हा 'हाय अल्ला' म्हणाली आणि ते बोट तोंडात घालून मायकडे वळली. दोघी जणी एकमेकींचं बोलणं न कळता तासभर बोलत होत्या. अब्बा चुलीपाशी दाळ करत होते. उघड उघड. खोली भरून वास.

राहिले मी. शेवटच्या दिवशी दमणी दारात लागायच्या आधी दादीनं मला आत बोलावलं आणि कांडी भरायला सांगितली. मी भरली. खरं सांगते, सुबक भरली. सवय होती. दादीनं ती बोटांवर फिरवून बघितली. "मुलगी चांगली आहे," ती अब्बांना म्हणाली. अब्बांनी डोळे मिटले. "पण नेत नाही."

"अम्मा..."

"पंधरा वर्षं तू लिहिलंस, माझी सून पडद्यात आहे. मी ते घरी येणाऱ्या गल्लीतल्या बायकांपुढे वाचवून घेतलं. दुसऱ्यांच्या सुनांना त्यावरून बोलले. आता ही पोर तिथे आली तर दोन दिवसांत सगळं सांगून मोकळी होईल. हिचं तोंड आईचं आहे. मग मी कुठे तोंड दाखवू?" मग मला जवळ ओढून, अब्बांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, माझ्या कानाशी म्हणाली, "लसूण कुणी जाळला ते मला कळलं नाही असं समजू नको. माग तर केव्हाच थांबला होता."

दमणी गेली. अब्बांनी दोन दिवस पावडीवर पाय ठेवला नाही. त्यांची तिकडच्या घरची वाट परत बंद झाली होती आणि ती मी बंद केली होती. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं. नाक होतं त्यांचं. तिसऱ्या दिवशी मी 'माय' म्हणून हाक मारली तर माय म्हणाली, "आल्या का वं परत, किती जणी गेल्या होत्या?" आणि मी तिच्या पाठीला तोंड लावून जे रडले ते लिहीत नाही. तेवढी लाज अजून आहे.

पत्रं पुढेही चालू राहिली. अब्बा लिहायचे, तुमची सून पडद्यात असते. दादी लिहवून घ्यायची, ऐकून समाधान वाटलं. पण आता तिकडच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी, सलाम-दुवा झाल्यावर, एक ओळ असायची: तुमच्या दारचं ते झाड आता किती उंच झालं? ज्याच्याकडून ती लिहवून घ्यायची त्याला वाटत असेल, दारात लिंबाचं झाड असेल. अब्बा ती ओळ वाचून मागच्या खोलीकडे तोंड करायचे आणि ओरडायचे, "चांदबी, किती?" माय हंगाम बघून सांगायची. "घोट्याएवढं." "मांडीएवढं." "कमरेएवढं झालं, लिहा, फुटून राह्यलं." अब्बा तेवढं एकच वाक्य खरं लिहायचे.

असं सहा-सात वर्षं. माझं लग्न झालं ते इथेच, मलकापूरला. बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा बडे अब्बांचं पत्र आलं. अम्मा गेली. शेवटी काही त्रास झाला नाही. तिच्या पेटीत मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वाळकी काटकी मिळाली, तिला टोकदार कवचं आहेत, हात लावला तर टोचतात. ती कुणाला टाकू देत नसे. ही कसली जडीबुटी आहे आणि कशावर देतात, कळवावं.

अब्बांनी उत्तर लिहिलं. औषध आहे, असं कळवलं. कशावरचं ते लिहिलं नाही.

त्या दिवशी माग बंद होता, ना खट ना ठक. अब्बा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. माय वावरातून दुपारीच परत आली, कमरेची ओटी न सोडताच चुलीपाशी बसली आणि तिनं दाळ टाकली, लसणाची फोडणी दिली, वेळेवर उतरवली. आम्ही जेवायला बसलो. दाळीत मीठ नव्हतं. आम्ही तिघांनी ती तशीच खाल्ली.